पेव्हर ब्लॉक बसविणाऱ्यांनी निगाही शिकावी

नगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) मशिदीचा सहन असो, मंगल कार्यालय असो की गॅरेजचे अंगण, आता सगळीकडे सिमेंटचे पेव्हर ब्लॉक दिसतात. हे काम करणारे कारागीर आपल्यातही आहेत. परंतु बिल हाती पडले की निगेविषयी ग्राहकाला चार शब्द कोणी सांगत नाही. दोन पावसाळ्यांत ब्लॉक काळे पडतात, खचतात आणि नाव खराब होते ते कारागिराचे.

सर्वांत मोठे नुकसान ॲसिडने होते. नव्या ब्लॉकवर पांढरी पूड फुलली की ग्राहक घाबरतो आणि कोणीतरी ॲसिडची बाटली आणतो. वास्तविक तो सिमेंटमधला चुना असतो. पाण्याबरोबर वर येऊन तो हवेत पांढरा होतो आणि पावसाने, वापराने बहुधा आपोआप जातो. तोवर कोरड्या ताठ ब्रशने झाडावे. ॲसिड सिमेंटच खाते, रंग उतरतो, खडी उघडी पडते. त्यात ब्लीचिंग पावडर मिसळली तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. मजुराच्या जिवाशी हा खेळ कोणत्याही मजुरीत परवडणारा नाही.

जिल्हा एक, हवा मात्र दोन. अकोले तालुक्यात घाटघर-भंडारदऱ्याकडे पाऊस धो धो, म्हणून शेवाळ. पूर्वेकडे पाथर्डी भागात धूळ आणि पाण्याची टंचाई. तिथे नळी लावून अंगण धुणे म्हणजे निव्वळ इसराफ. आधी कोरडे झाडावे, मग डाग तेवढाच घासावा. वुजूखान्याजवळ मात्र कोरड्या गावातही शेवाळ धरते आणि वयस्कर नमाजी घसरतात. तिथे घासण्याआधी उतार तपासावा. पाणी साचत असेल तर शेवाळ पुन्हा येणारच.

गॅरेजसमोर सांडलेले ऑइल ताजे असतानाच त्यावर लाकडाचा भुसा टाकावा, तो उचलावा, मग साबणपूड लावून घासावे. जुना डाग पुरता जात नाही, हे ग्राहकाला आधीच सांगितलेले बरे.

फटींतली वाळू हाच या कामाचा प्राण. तिच्यामुळेच ब्लॉक एकमेकांना धरून राहतात. मशीनचा जोरदार फवारा फटीवर धरला की ती उडते. म्हणून धुतल्यावर आणि पावसाळ्यानंतर बारीक, कोरडी, माती नसलेली वाळू झाडूने भरावी. ब्लॉक खचला तर वरून सिमेंट ओतू नये. तो उचलावा, खालचा मुरूम-खडीचा थर धुम्मसने ठोकावा, वर जेमतेम इंचभर वाळू पसरून तोच ब्लॉक परत बसवावा. खड्डा नुसत्या वाळूने भरला तर तो पुन्हा खचतो. कडेचा दगड निखळला असेल तर आधी तो पक्का करावा.

मालातही बघून घ्यावे. भारतीय मानक १५६५८ प्रमाणे ५० मि.मी. जाडीचा ब्लॉक पायी चालण्याच्या जागेसाठी आहे. त्यावर ट्रक फिरविला तर निगा काय करणार?

काम देतानाच वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, वाळू भरण्याचा दर वेगळा लिहून द्यावा. आणि त्याच लॉटचे दहा-वीस ब्लॉक ग्राहकाकडे ठेवावेत. पुढे रंग जुळत नाही.