आमसुली की वांगी?

लग्न होऊन मी कांदिवलीच्या डहाणूकरवाडीत आले, तेव्हा या घरात सोन्यापेक्षा जपलेली एक गोष्ट होती. पोस्टाच्या जुन्या तिकिटांचे सात अल्बम! छंद मामंजींचा. पण एखाद्या तिकिटाचा नेमका रंग ठरवायची वेळ आली की हाक यायची, "अगं, जरा बघ गं हे!" मग सासूबाई कणकेचे हात धुऊन, पदराला पुसून खिडकीशी जायच्या. कारण मामंजींना लाल आणि हिरवा नीट वेगळे दिसत नसत. पुरुषांमध्ये हा दोष बायकांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. त्यांच्याकडे एक्स गुणसूत्र एकच, त्यात खोट आली तर भरून काढायला दुसरं नाही.

तुम्ही म्हणाल, रंगाचं एवढं काय? तर पूर्वी एकच तिकीट वर्षानुवर्षं छापलं जाई. दर वेळी शाई नव्यानं बनवायची, की छटा थोडी बदललीच. संग्राहकांच्या कॅटलॉगमध्ये या छटांची वेगवेगळी नोंद असते आणि बऱ्याचदा किंमतही वेगळी. व्हिक्टोरिया राणीच्या १८८२ पासून निघालेल्या मालिकेतलं एक आण्याचं तिकीट घ्या. त्याचे रंग दोन, 'ब्राऊन पर्पल' आणि 'प्लम'. चार आण्याचं 'ऑलिव्ह ग्रीन' आणि 'स्लेट ग्रीन'. आता प्लम म्हणजे नक्की कोणता रंग, हे लंडनच्या बाईला ठाऊक. सासूबाईंनी आपली वही केली. ब्राऊन पर्पल म्हणजे वांगी, प्लम म्हणजे आमसुली. ऑलिव्ह ग्रीन शेवाळी. आणि स्लेट ग्रीनपुढे लिहिलंय, 'ओली पाटी'. १९०० साली एक आण्याचा रंग बदलून लाल झाला, तो किरमिजी. (नऊवारीच्या दुकानात शिकलेलं ज्ञान वाया जात नाही!)

रंग कसा ठरतो याचा सासूबाईंचा आवडता किस्सा १८५४ चा. कलकत्त्याला कॅप्टन थुलियर यांच्या देखरेखीखाली दगडावरून तिकिटं छापायला सुरुवात झाली. अर्ध्या आण्याचं तिकीट आधी लाल छापलं, विलायतेहून आलेल्या हिंगुळात. तो संपला. इथला हिंगूळ वापरून पाहिला, तर दगडावरचं चित्रच खराब व्हायला लागलं. मग अर्धा आणा निळा झाला, आणि लाल रंग एक आण्याच्या वाट्याला गेला. ते पहिलं लाल तिकीट टपालात कधी आलंच नाही. "घरात हळद संपली म्हणून पांढरी भाजी केली, तसलं हे," असं सासूबाई म्हणतात.

पारख करायची त्यांची पद्धत अगदी साधी आहे. उत्तरेकडची खिडकी, दिवसाचा उजेड, पण ऊन नको. ट्यूबलाइटखाली सारखी दिसणारी दोन तिकिटं उजेडात वेगळी निघतात. मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाऊजपीस घेऊन आपण दाराशी जातो, ते उगाच नाही. काळ्या कागदाला छोटी खिडकी कापून तिकिटावर ठेवायची, म्हणजे शेजारचा रंग डोळ्यांना फसवत नाही. आणि एकट्या तिकिटावरून निकाल द्यायचा नाही. शिक्क्यावरचं साल स्पष्ट असलेलं तिकीट शेजारी हवंच.

शिवाय काळानं केलेले रंग वेगळे. उन्हात हिरव्यातला पिवळेपणा उडतो आणि तिकीट निळसर दिसायला लागतं. काही नारिंगी तिकिटांच्या शाईत शिसं असतं, हवेतल्या गंधकानं ती तपकिरी पडतात. असलं तिकीट कुणी 'दुर्मीळ छटा' म्हणून पुढे केलं तर हात जोडावेत. त्या काळातल्या काही हिरव्या-जांभळ्या शाया तर मुद्दाम पाण्यात विरघळणाऱ्या केल्या होत्या, म्हणजे शिक्का धुऊन तिकीट पुन्हा वापरता येऊ नये. ती भिजत घातलीत, तर वाटीत रंग आणि हातात पांढरा कागद!

हे सगळं आत्ता आठवायचं कारण, आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जातेय. भाड्याच्या घरात जागा कमी. दिरांचं म्हणणं, बाबा गेले, आता अल्बम विकून टाकू. फोर्टमधले एक व्यापारी येऊन गेले. त्यांनी भराभर पानं उलटली आणि सगळ्याची मिळून एक किंमत सांगितली. छटांचं विचारलं तर म्हणाले, "वहिनी, सगळं जांभळंच आहे हो." सासूबाई काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी वही घेऊन बसल्या.

आणि तिथं एक नवीनच पेच निघाला. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं, निळ्या-जांभळ्या छटा दबतात, आणि माणसाला ते कळतही नाही, कारण बदल फार सावकाश होतो. आता डावा डोळा झाकला की चार आण्याचं तिकीट शेवाळी, उजवा झाकला की ओली पाटी. म्हणजे ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या नोंदी पक्क्या, पण अलीकडच्या दहाबारा वर्षांतल्या? त्या पुन्हा बघायला हव्यात, असं ब्याऐंशी वर्षांच्या बाईंनी स्वतःच जाहीर केलं.

माझे मिस्टर म्हणाले, "आई, एवढ्यासाठी कशाला? व्यापाऱ्याला काय फरक पडतो?"

"त्याला पडत नसेल," त्या म्हणाल्या. "मी लिहिलंय ना ते."

अल्बमच्या पहिल्या पानावर मामंजींचं नाव आहे, वळणदार अक्षरात. वहीवर कुणाचंच नाही. मी विचारलं, घालू का तुमचं? तर म्हणाल्या, आधी तपासून होऊ दे.

सध्या रोज सकाळी दहा ते बारा खिडकी त्यांची. मी तिकीट चिमट्यानं उचलून देते, काळा कागद धरते, त्या एक डोळा हातानं झाकून सांगतात, मी लिहिते. आतापर्यंत तीन तिकिटं आमसुलीतून वांगीत गेलीत. दिरांना फोनवर कळवलंय, विक्रीचं दिवाळीनंतर बघू. दुसऱ्या डोळ्याची तारीख मिळाली आहे. तोवर चार आण्याचं पान उघडायचं नाही, अशी घरात सगळ्यांना ताकीद आहे.