भारदस्त माणसाचे चाक

संपादकांनी 'आवडीच्या विषयावर लिहा' असे कळविले, तेव्हा त्यांची अपेक्षा ज्ञानेश्वरीतील उपमांवरच्या लेखाची असणार. मराठीच्या प्राध्यापकाकडून माणूस दुसरी कसली अपेक्षा करील? पण गेले दीड वर्ष माझ्या डोक्यात सायकलच्या चाकाखेरीज दुसरे काही फिरत नाही. तेव्हा संपादकांची क्षमा मागून सुरुवात करतो.

दीड वर्षापूर्वी माझे वजन १०४ किलो होते. विद्यार्थी मला 'भारदस्त' म्हणत, आणि तो शब्द मीच त्यांना शिकविलेला असल्यामुळे रागावण्याचीही सोय नव्हती. पुढे गुडघे कुरकुरू लागले, रक्तातली साखर वाढली आणि डॉक्टर म्हणाले, "चालणं तुमच्या गुडघ्यांना झेपायचं नाही. सायकल चालवा." पुण्यात वाढलेल्या माणसाला हे डॉक्टरांनी सांगावे लागावे, यातच काय ते आले.

घरापासून कॉलेज सहा किलोमीटर. एका चकचकीत दुकानातून गिअरची, सडपातळ सायकल घेतली. तिसऱ्या आठवड्यात मागून 'टण्ण' असा आवाज आला. स्पोक तुटला होता. दुकानदाराने नवा घालून दिला. आठ दिवसांनी पुन्हा टण्ण. गणपती येईपर्यंत चार गेले. चौथा तुटला तो पुलाच्या उतारावर. चाक वाकडे होऊन ब्रेकला घासले, जवळजवळ अडकलेच, आणि मागून बस. मी कसाबसा फुटपाथला लागलो, तेव्हा हात लटलट कापत होते. दुकानातला मुलगा मोठ्या नम्रपणे म्हणाला, "सर, आधी थोडं वजन कमी करा, मग सायकल चालवा." बरे झाल्यावर औषध घ्या, असे सांगण्यातलाच हा प्रकार! घरी सौभाग्यवतींनी निकाल दिला, "पुरे आता ही हौस. हाडं मोडून घ्याल."

सायकल विकायचीच, असे ठरवून मी पेठेतल्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. माझ्या वडिलांची सायकल तेच दुरुस्त करीत. त्यांनी चाक एकदा फिरवून पाहिले आणि विचारले, "अण्णांची काळी सायकल आहे ना अजून? तिचे स्पोक मोजून या."

मोजले. पुढे ३२, मागे ४०. माझ्या नव्या सायकलला दोन्हीकडे २८! म्हणजे भार वाहणाऱ्या मागच्या चाकात बारा कमी. अण्णा काही जाडे नव्हते, पण कॅरिअरवर धान्याचे पोते आणि पुढे दांडीवर मी, अशी वरात मला आठवते. आमच्या वाड्यात गॅसवाला दोन भरलेली सिलिंडरे सायकलला अडकवून येई. एका सिलिंडरात गॅसच १४.२ किलो, वर लोखंड तेवढेच. दोहोंचे मिळून साठ किलो, आणि वर तो स्वतः. एकूण भार माझ्यापेक्षा जास्तच, पण त्याला कुणी 'आधी वजन कमी कर' म्हटल्याचे ऐकिवात नाही.

मिस्त्रींनी मग जे समजावले, ते मला भाषेच्या अंगाने पटले. बैलगाडीच्या चाकात तुंबा, आरे आणि धाव. तिथला आरा खांबासारखा भार खालून पेलतो. सायकलचा स्पोक ही मात्र तार. तिच्यावर उभे राहता येत नाही, ती ताणूनच ठेवावी लागते. भार आला की जमिनीकडच्या तारांचा ताण तेवढ्यापुरता उतरतो आणि चाक फिरले की परत येतो. जोब्स्ट ब्रँट नावाच्या अभियंत्याने १९८१ च्या 'द बायसिकल व्हील' या पुस्तकात हेच मांडले आहे. मिस्त्रींनी ते पाहिलेलेही नाही.

तारेत मुळातच ताण कमी असेल, तर जड माणसाखाली ती दर फेरीला सैल पडते आणि हबपाशी जिथे तिला बाक दिलेला असतो तिथे हलते. हाताने तार मागेपुढे वाकवून तोडतात ना, तसेच. कॉलेजला जाऊन येण्यात चाकाचे साडेपाच हजारांहून जास्त फेरे होतात. त्यातून गिअरच्या सायकलला उजवीकडे दात्यांची चक्रे, त्यामुळे त्या बाजूचे स्पोक कडक आणि डावीकडचे ढिले. माझे चारही डावीकडचेच होते.

"मग रिम कोणती घालायची?" मी विचारले. माझी समजूत, अण्णांच्या सायकलसारखी पोलादी म्हणजे भक्कम. मिस्त्रींनी मान हलविली. पोलादी रिमवर पावसात ब्रेक नीट धरत नाहीत, आणि थांबायला सर्वांत अवघड जड माणूसच. त्यांनी ॲल्युमिनियमची, दुहेरी भिंतीची रिम काढून दाखविली. कापली तर आत पोकळ पेटी दिसेल अशी. खड्ड्याचा दणका एकेरी पट्टी वाकवितो, पेटी सहजी वाकत नाही. प्रत्येक भोकाला धातूचे कडे होते, म्हणजे ओढ एका जागी न येता पसरते. भोके ३६. हलक्या रिमपेक्षा ही दीडदोनशे ग्रॅमने जड होती आणि मी तेवढ्यावरून क्षणभर घुटमळलो. मिस्त्रींनी माझ्या पोटाकडे पाहिले. बोलले काही नाहीत.

एक खर्च वाढला. रिमला ३६ भोके, तर हबलाही ३६ हवीत, म्हणून हब नवा. टायर २८ मिलिमीटरचा होता, तो ३८ चा घातला. रुंद टायरात हवा कमी दाबाने भरता येते, आणि अर्धा दणका तोच गिळतो. (टायरवर ६२२ किंवा ६३५ असा आकडा असतो, तो रिमशी जुळला पाहिजे. अण्णांच्या सायकलचा टायर माझ्या रिमवर बसत नाही, दोन्हींना लोक अठ्ठावीसच म्हणत असले तरी.) पुढच्या चाकावर भार कमी, म्हणून ते बदलले नाही, नुसते ताणून घेतले.

चाक बांधायला मिस्त्रींना पाऊण दिवस लागला. आऊट काढून झाल्यावर ते स्पोकांच्या जोड्या मुठीत दाबत गेले, काही कुरकुरले, पुन्हा आऊट काढला. मग तबलजी गट्टे ठोकीत तबला लावतो, तसे एकेक स्पोक नखाने छेडून ऐकू लागले. उजवीकडचे सगळे एका सुरात, डावीकडचे सगळे खालच्या सुरात. एक बेसूर निघाला, त्याला पाव आटा दिला.

"दोनशे किलोमीटर झाले की आणा," ते म्हणाले. "आणि ब्रेक लागतो त्या कडेवरून बोट फिरवीत जा. खोलगट लागली तर रिम झिजली म्हणून समजा. मग मात्र एक दिवसही चालवायची नाही."

त्याला आता चौदा महिने झाले. एकही स्पोक तुटलेला नाही. माझे वजन ९५ वर आले आहे. परवा मोठ्या अभिमानाने मिस्त्रींना ते सांगितले. ते चाकापाशी कान नेऊन स्पोक छेडीत होते. म्हणाले, "थांबा सर, जरा ऐकू द्या."