जुन्या कॉम्प्युटरचा वेबकॅम बंद पडलाय? ड्रायव्हर डाउनलोड करायच्या आधी हे वाचा

आपल्यापैकी बहुतेकांना कॅमेरा म्हटलं की फोनच आठवतो. पण एखादी ऑनलाइन टेस्ट येते, तिच्या नियमांत लिहिलेलं असतं की मोबाइल चालणार नाही, वेबकॅम असलेला कॉम्प्युटरच पाहिजे, आणि मग घरातल्या जुन्या डबड्यावरचं कापड निघतं. आमच्याकडं येडशीत गेल्या महिन्यात हेच झालं.

शुक्रवारी संध्याकाळी मामेबहिणीचा फोन आला. "दादा, रविवारी टेस्ट आहे आणि कॅमेराच दिसंना झालाय. मामा म्हणजे आपले पप्पा सकाळपासून काहीतरी करायलेत, अजूनच बिघडलंय." गोंधळात स्वतःच्या वडिलांना ती 'मामा' म्हणाली, त्यावरूनच मला प्रकरण किती गंभीर आहे ते कळलं. तिची नोकरीसाठीची पहिलीच टेस्ट. दोन तास कॅमेऱ्यासमोर बसायचं, कॅमेरा बंद झाला तर टेस्ट बंद. धाराशिवला जाऊन कुणाच्या तरी सेंटरवर बसायची सोय होती, पण रविवारी सकाळी आठला तिथं पोचायचं आणि ते उघडं असेल याची खात्री कोण देणार?

मामांचा कॉम्प्युटर २०१२ सालचा, असेंबल केलेला. तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, त्यावर विंडोज १०. वेबकॅम लॉकडाउनमध्ये घेतलेला साधा यूएसबीचा. मी गेलो तेव्हा विंडोजचं कॅमेरा ॲप 'वी कान्ट फाइंड युअर कॅमेरा' म्हणत होतं, खाली शेवटी ४२४४ असलेला एरर कोड. या कोडचा अर्थ एवढाच, की विंडोजला कॅमेरा म्हणून काही सापडलेलं नाही. कॅमेरा खराब झाला असा त्याचा अर्थ होत नाही. दुसरं एखादं ॲप कॅमेरा अडवून बसलं असेल तर येणारा मेसेज वेगळा असतो, त्यामुळं मेसेज नीट वाचा, त्याचा फोटो काढून ठेवा.

फोनवर तपासा, निम्मं काम होतं

सगळ्यात आधी मी वेबकॅम कॉम्प्युटरमधून काढला आणि ओटीजीच्या पिनमधून माझ्या फोनला लावला. प्ले स्टोअरवर 'यूएसबी कॅमेरा' असं शोधलं की बाहेरचा कॅमेरा दाखवणारी बरीच ॲप्स मिळतात. त्यातलं एक टाकलं, परवानगी दिली, आणि स्क्रीनवर मामांचा वैतागलेला चेहरा आला. प्रत्येक फोनवर हे चालेलच असं नाही, काही मॉडेल्सना जमत नाही. पण चाललं तर एका मिनिटात कळतं, की कॅमेरा, त्याची वायर, त्याचा सेन्सर सगळं ठीक आहे आणि दोष कॉम्प्युटरच्या बाजूला आहे. फोनवर नाही चाललं, तर मात्र कॅमेरा वाईट असं लगेच ठरवू नका, दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरला लावून बघा.

हे फोनवर चालतं कसं, कारण फोनमध्ये तर आपण कुठला ड्रायव्हर टाकला नाही? तर गेल्या बऱ्याच वर्षांतले जवळजवळ सगळे यूएसबी वेबकॅम एकच ठरलेली भाषा बोलतात. तिला यूव्हीसी म्हणतात, म्हणजे यूएसबी व्हिडिओ क्लास. पहिला नियम २००३ मध्ये आला. विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड, सगळ्यांना ती समजते. त्यामुळं साध्या वेबकॅमला वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. लॅपटॉपच्या झाकणातला कॅमेराही आतून बहुधा यूएसबीलाच जोडलेला असतो. फरक इतकाच, की त्याची बारीक वायर बिजागरीतून जाते आणि झाकण वर-खाली करून करून ती कधीकधी तुटते. झाकण हलवलं की चित्र येतंय-जातंय असं असेल, तर सेटिंग शोधत बसू नका, तिथं रिपेअरवाल्याचंच काम आहे.

आणखी एक खूण मिळाली. कॅमेरा दिसत नव्हता, पण साउंडच्या सेटिंगमध्ये त्याच वेबकॅमचा माइक दिसत होता आणि बोलल्यावर पट्टी हलत होती. म्हणजे कॉम्प्युटरपर्यंत वायर पोचलीये, करंट मिळतोय, माइक ओळखला जातोय. अडलंय फक्त चित्राचं.

२१ जून २००६ ची भानगड

मी मामांना विचारलं, "मामा, सकाळी नेमकं काय केलं तुम्ही?" ते म्हणाले, "काही नाही रे, व्हिडिओत सांगितलं तसं ड्रायव्हर बघितला. २००६ चा होता! इतका जुना ड्रायव्हर, म्हटलं नवा टाकावा."

इथं कळलं. त्यांनी सगळे ड्रायव्हर आपोआप अपडेट करतो म्हणणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं होतं. त्यानं 'तुमचे ड्रायव्हर जुने आहेत' म्हणून लाल अक्षरात घाबरवलं, एक-दोन फुकट बदलून दिले आणि बाकीच्यासाठी पैसे मागितले. त्या फुकट बदललेल्यांत वेबकॅमचा नंबर होता.

आता ही २००६ ची गंमत समजून घ्या, कारण यात भलेभले फसतात. विंडोजसोबत जे ड्रायव्हर येतात, त्यांतल्या बहुतेकांवर मायक्रोसॉफ्ट मुद्दाम २१ जून २००६ हीच तारीख टाकतं. फाइल काल अपडेट झालेली असली तरी तारीख तीच. कारण असं, की एकाच वस्तूला दोन ड्रायव्हर सारखेच जुळत असतील तर विंडोज नव्या तारखेचा निवडतं. आपला ड्रायव्हर कायम जुना दिसला, तर वस्तू बनवणाऱ्या कंपनीचा खास ड्रायव्हर आपोआप वरचढ ठरतो. म्हणजे ती तारीख वय सांगत नाही, रांगेत मागं उभं राहण्यासाठी आहे. खरं वय बघायचं तर शेजारचा व्हर्जन नंबर बघा.

आणि याच नियमामुळं चुकीचा ड्रायव्हर एकदा बसला की चिकटून बसतो. त्याची तारीख नवी, म्हणून विंडोज त्यालाच पुढं करतं. वेबकॅम काढून परत लावला तरी तोच, रिस्टार्ट केलं तरी तोच.

मग मी काय केलं ते सांगतो. आधी कंट्रोल पॅनलमधून ते अपडेटवालं सॉफ्टवेअर काढून टाकलं. मग कीबोर्डवर विंडोजचं बटण दाबून धरून एक्स दाबलं आणि डिव्हाइस मॅनेजर उघडला. वेबकॅम 'कॅमेराज'मध्ये किंवा 'इमेजिंग डिव्हायसेस'मध्ये असतो. आमचा दुसऱ्यात होता, वर पिवळा त्रिकोण घेऊन. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर: तिथं प्रोव्हायडर म्हणून भलतंच नाव. परत मागं येऊन राइट क्लिक, 'अनइन्स्टॉल डिव्हाइस'. आता जी छोटी चौकट येते त्यात 'डिलीट द ड्रायव्हर सॉफ्टवेअर फॉर धिस डिव्हाइस' असा एक टिकमार्क असतो. तो केलाच पाहिजे, नाहीतर पहिले पाढे पंचावन्न. मग वेबकॅम काढला, कॉम्प्युटर रिस्टार्ट केला, वेबकॅम परत लावला.

एवढ्यानं भागलं नाही तर त्याच राइट क्लिकमध्ये 'अपडेट ड्रायव्हर' घ्या, ऑनलाइन शोधू देऊ नका, 'ब्राउझ माय कॉम्प्युटर' निवडा, मग 'लेट मी पिक', आणि यादीतून 'यूएसबी व्हिडिओ डिव्हाइस' हे साधं नाव उचला. आमच्याकडं त्याची गरज पडली नाही. नाव आलं, प्रोव्हायडर मायक्रोसॉफ्ट, तारीख अर्थातच २००६. मामांनी ती बघून एकदा माझ्याकडं बघितलं, पण काही बोलले नाहीत.

कॅमेरा ॲपमध्ये चित्र आलं, पण ब्राउझरमध्ये काळोख. हे सोपं होतं. सेटिंग्ज, प्रायव्हसी, कॅमेरा इथं गेलात की वरचं बटण चालू असलं तरी अगदी खाली डेस्कटॉप ॲप्ससाठी वेगळं बटण असतं, ते कुणीतरी बंद केलं होतं. क्रोम त्यातच येतो. शिवाय क्रोममध्ये ॲड्रेसच्या शेजारच्या चिन्हावर क्लिक करून त्या साइटला कॅमेऱ्याची परवानगी आहे का तेही बघायचं. काही अँटिव्हायरसमध्येही, पुण्याच्या क्विक हीलसकट, वेबकॅम राखणारी सोय असते. ती चांगली आहे, फक्त ती आहे हे लक्षात ठेवा. लॅपटॉप असेल तर कॅमेऱ्यावरचं सरकतं झाकण आणि एफच्या रांगेतलं कॅमेऱ्याचं बटणही तपासा. हसू नका, माझा स्वतःचा एक तास त्या झाकणात गेलेला आहे.

चित्र येतं आणि गोठतं

शनिवारी टेस्टच्या साइटवर सिस्टिम चेक केला. तीस सेकंद छान, मग चित्र जागच्या जागी थांबलं. बहिणीच्या डोळ्यांत पाणी. वेबकॅम पुढच्या पोर्टला होता, मध्ये एक एक्स्टेन्शन वायर.

थोडं गणित करू. ६४० बाय ४८० चं चित्र म्हणजे सुमारे ३ लाख ठिपके. न दाबता पाठवलं तर एका ठिपक्याला २ बाइट, सेकंदाला ३० चित्रं. झाले १ कोटी ८४ लाख बाइट, म्हणजे साधारण १४७ मेगाबिट. १२८० बाय ७२० चं चित्र असंच पाठवायचं तर ४४२ मेगाबिट. यूएसबी २.० ची कागदावरची क्षमता ४८० आणि प्रत्यक्षात मिळते त्याहून बरीच कमी. म्हणून मोठं चित्र वेबकॅम आतच दाबून, जेपेगच्या माळेसारखं पाठवतो. ही दाबण्याची सोय किती महत्त्वाची आहे ते २०१६ मध्ये जगाला कळलं. त्या ऑगस्टमध्ये विंडोज १० चं ॲनिव्हर्सरी अपडेट आलं, एकाच वेळी अनेक ॲप्सना कॅमेरा वापरता यावा म्हणून मायक्रोसॉफ्टनं ॲप्सना दाबलेलं चित्र थेट मिळणं बंद केलं, आणि असंख्य लोकांचे चांगले वेबकॅम स्काइपवर गोठायला लागले. पुढच्या अपडेटमध्ये ते सुधारावं लागलं. तेव्हाही लोकांनी कॅमेरेच फेकले असतील.

आमचं कारण साधं होतं. डबलेली एक्स्टेन्शन, पुढचा सैल पोर्ट. वेबकॅम मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावला, शेजारचा पेन ड्राइव्ह काढला. परत चेक केला, वीस मिनिटं चालू ठेवला. चित्र हललं नाही, म्हणजे हलत राहिलं.

आता दोन गोष्टी राहिल्या. एक, वेबकॅमच्या कंपनीचा 'कस्टमर केअर' नंबर सर्चमधून उचलून फोन करू नका. मामा त्याच बेतात होते. समोरचा माणूस स्क्रीन बघायचं ॲप टाकायला सांगतो आणि मग बँकेचं खातं रिकामं होतं. असं झालंच तर लगेच १९३० वर फोन करा. दुसरी, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि इतक्या जुन्या मशीनला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. मी पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट टाकून, काही इन्स्टॉल न करता, तो कॉम्प्युटर सुरू करून बघितला. वेबकॅम लगेच चालला. तुम्हालाही दोष विंडोजचा की हार्डवेअरचा हे ठरवायचं असेल तर ही युक्ती वापरा. मात्र टेस्टचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालेलच असं नाही, म्हणून विंडोज तूर्त ठेवलं.

टेस्ट नसेल, साधी मीटिंगच असेल, तर फोन वेबकॅम म्हणून वापरता येतो. अँड्रॉइड १४ पासून काही फोन यूएसबीला लावले की चार्जिंग, फाइल ट्रान्स्फरच्या यादीत 'वेबकॅम' असाही पर्याय देतात. तुमच्या फोनमध्ये नसेल तर ड्रॉइडकॅमसारखी ॲप्स आहेत.

रविवारी बहिणीनं दोन तास टेस्ट दिली. मध्ये एकदा लाइट गेली, पण इन्व्हर्टरवर निभावलं. निकाल अजून यायचाय. ती एक्स्टेन्शन वायर मामांनी फेकलेली नाही, खिळ्याला अडकवून ठेवलीये.