मराठवाड्याचा प्रश्न पॅरिसला का गेला होता?

नांदेड, लातूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. भारताविरुद्ध संयुक्त राष्ट्रांकडे हैदराबादने ऑगस्ट १९४८ मध्ये तक्रार केली. सुरक्षा परिषदेच्या बैठका त्या वेळी पॅरिसमध्ये भरत होत्या, म्हणून मोईन नवाज जंग यांचे शिष्टमंडळ तिथे गेले.

१६ सप्टेंबरला परिषदेने ८ मतांनी विषय चर्चेला घेतला. तीन देश तटस्थ राहिले. हैदराबाद हे स्वतंत्र राष्ट्रच नाही, मग तक्रार कसली, असा भारताच्या रामस्वामी मुदलियार यांचा मुद्दा होता. पण पोलीस कारवाई १३ तारखेलाच सुरू झाली होती. दुसऱ्याच दिवशी, १७ सप्टेंबरला, निजामाने शरणागती पत्करली. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन तो हाच.

पॅरिसमधल्या शिष्टमंडळाची मात्र पंचाईत झाली. निजामाने २२ तारखेला तक्रार मागे घेतली. तरी ‘हैदराबादचा प्रश्न’ परिषदेच्या यादीत पुढे अनेक दशके कायम होता.