धूर ताजा की शिळा?

एप्रिल-मे महिन्यात वाणगावला हवेतले कण मोजायचे ठरवलेत, तर राबाचा धूर टाळता येणार नाही. भाताची रोपं टाकण्याआधी पालापाचोळा, काटक्या, शेण पसरून जमीन भाजतात, तो राब. आता प्रश्न असा, की यंत्रात शिरलेले सेंद्रिय कण शेजारच्या शेतातले आहेत, की दोन दिवस हवेत फिरून आलेत? उत्तर चुकलं, तर धुराचं खापर भलत्याच गावावर फुटेल.

नेहमीचा ठोकताळा सोपा आहे. हवेत राहून कणांचं ऑक्सिडीकरण होतं, म्हणजे ऑक्सिजन जास्त तितका कण जुना. एरोसोल मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये कण निर्वातात सुमारे ६०० अंश सेल्सिअसच्या पृष्ठभागावर आदळून वाफ होतात आणि ७० इलेक्ट्रॉनव्होल्टचे इलेक्ट्रॉन त्या वाफेतल्या रेणूंचे तुकडे करतात. आम्लगटांमधून कार्बन डायऑक्साइडचा तुकडा सुटतो, वस्तुमान ४४. हा ४४ वाढला की कण शिळा, असं आपण धरतो. (हवेतला साधा कार्बन डायऑक्साइडही ४४ वरच दिसतो. म्हणून मधूनमधून कण गाळलेली हवा यंत्रात सोडून तेवढा भाग वजा करायचा. हे कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका.)

गंमत पुढे आहे. लाकूड-पाला जळताना सेल्युलोजपासून लेव्होग्लुकोसान बनतं. त्यात ६ कार्बन, १० हायड्रोजन, ५ ऑक्सिजन. ऑक्सिजन भागिले कार्बन करा: ०.८३. इतका आकडा चांगल्या मुरलेल्या कणांत मिळतो, आणि हा रेणू तर आत्ताच चुलीतून निघालाय! त्यातला ऑक्सिजन हवेने दिलेला नाही, तो झाडातच होता.

म्हणून हायड्रोजनही मोजायचा. क्रोल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेलं सूत्र वहीत लिहून ठेवा: कार्बनचा सरासरी ऑक्सिडीकरणांक म्हणजे साधारण ऑक्सिजन-कार्बन गुणोत्तराची दुप्पट, वजा हायड्रोजन-कार्बन गुणोत्तर. लेव्होग्लुकोसानसाठी १.६७ वजा १.६७, म्हणजे शून्य. डिझेलमधल्या हेक्झाडेकेनसाठी उणे २.१, ऑक्झॅलिक आम्लासाठी अधिक ३. आता रेणूत एक पाणी घालून बघा. ऑक्सिजन १ वाढला, हायड्रोजन २ वाढले, उत्तर तेच! नुसतं गुणोत्तर मात्र पाण्यानेही फुगतं, म्हणून माझा भरवसा या सूत्रावर जास्त.

अडचण एवढीच, की एसीएसएमसारख्या लहान यंत्रात (पुण्याच्या आयआयटीएमने महाबळेश्वरला असं वापरलं आहे) तुकड्यांची मूलद्रव्यं थेट वेगळी काढता येत नाहीत. तिथे ४४ सोबत ६० बघा. ६० ही लेव्होग्लुकोसान आणि त्याच्या भावंडांची खूण. एकूण सेंद्रिय सिग्नलमधला दोघांचा वाटा काढून आडव्या अक्षावर ६०, उभ्यावर ४४ घ्या. ताजा धूर उजवीकडे खाली पडतो. ऊन लागत जातं तसा ६० घटतो, ४४ वाढतो आणि बिंदू डावीकडे वर सरकतात. वाणगावचे दुपारचे आणि रात्रीचे बिंदू वेगळ्या रंगांत टाका, आणि वाऱ्याची दिशा शेजारी लिहा.