काळा धूर सोडणारी जुनी जीप

कच्च्या रस्त्यांवर धावणाऱ्या जुन्या डिझेल जीपचे इंजिन थरथरत, अडखळत काळा धूर सोडू लागले, तर हवेच्या मानाने डिझेल जास्त पडून अर्धवट जळत आहे, असे समजावे. एक ग्रॅम डिझेल पूर्ण जळण्यास सुमारे साडेचौदा ग्रॅम हवा लागते. म्हणूनच डिझेल पुरवणाऱ्या पंपाला हात लावण्यापूर्वी धुळीने तुंबलेला एअर फिल्टर तपासणे शहाणपणाचे. त्यानंतर मंद चालत्या इंजिनच्या एकेका नोझलची, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणाऱ्या भागाची, नळी क्षणभर सैल केली असता ज्या ठिकाणी आवाजात फरक पडत नाही, त्याच नोझलमध्ये किंवा सिलिंडरमध्ये दोष असतो. दाबाखालील डिझेलची धार कातडीत घुसू शकते. म्हणून ही तपासणी अनुभवी मेकॅनिककडूनच करून घ्यावी.