हॅप्टोफोर : विषाची पकड

जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी १८९७ मध्ये मांडलेल्या पार्श्वशृंखला सिद्धान्ताच्या परिभाषेत, विषाच्या रेणूचा जो भाग पेशीला जाऊन चिकटतो त्याला ‘हॅप्टोफोर’ म्हटले जाई. ‘पकडणे’ आणि ‘वाहणे’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून ही संज्ञा घडली. अपाय करणारा भाग, म्हणजे ‘टॉक्सोफोर’, त्याहून वेगळा मानल्यामुळेच, मारकता गमावूनही पकड टिकवणाऱ्या ‘टॉक्सॉइड’चा उलगडा झाला, धनुर्वाताची लस अशाच टॉक्सॉइडची असते. संज्ञा मागे पडली, पण ही विभागणी विलक्षण दूरदृष्टीची होती. विषाची पकड बसण्याआधीच ते अडवणे, हेच तत्त्व सर्पदंशावरील उपचारातही दिसते : हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळात घोड्यांच्या रक्तापासून तयार होत आलेल्या सर्पप्रतिविषातील प्रतिपिंडे नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांचे विष रक्तातच बांधून ठेवतात, मात्र पेशीत रुतलेले विष सहसा सुटत नाही; म्हणून सर्पदंश झालेल्या माणसाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे.